बबनसाठी लिहिलेले कागद

फोन आला तेव्हा मी वेल्ह्याला, माहेरी होते आणि आईशी भांडत होते. भांडण काकड्यांवरून. परसातल्या सगळ्याच्या सगळ्या काकड्या तिला माझ्या पिशवीत कोंबायच्या होत्या, का तर माझ्या सासऱ्यांना आवडतात म्हणून, आणि मला नसरापूरला एसटी बदलून भोरला जायचं होतं. एवढ्यात प्रमोदचा, माझ्या नवऱ्याचा फोन. अण्णा गेले, म्हणाला. सकाळी गच्चीवर गेले, पावसाचं माप घेतलं, खाली आले, चहा टाकायला सांगून खुर्चीत बसले. चहा आला, पण कप घ्यायला हात पुढं आला नाही... एवढंच. अशा वेळी माणसं काय विचारतात मला माहीत नाही. मी विचारलं, "आजचं माप लिहिलं होतं का त्यांनी?" पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग प्रमोद म्हणाला, "लिहिलंय. अकरा मिलिमीटर." आणि तो रडायला लागला, मग मीही. माझी आई मात्र माझ्याकडं बघतच राहिली, हिचं डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून. आहे. तेच सांगायला बसले आहे.

अण्णा माझे सासरे. मूळचे हिर्डोशीचे, म्हणजे भोरहून वरंधा घाटाकडं निघालं की डोंगराच्या अंगाला जे गाव लागतं, तिथले. थोडा भात, थोडी नाचणी, आणि जोडीला सरकारी पर्जन्यमापक वाचायचं काम. पर्जन्यमापक म्हणजे फार काही नाही. वर एक नरसाळं, खाली भांडं, आणि भांड्यातलं पाणी मोजायला रेघा मारलेलं काचेचं मोजपात्र. रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजायचं, वहीत लिहायचं. घरात लग्न असो की अंगात ताप, तीसेक वर्षं त्यांनी हे केलं. रिटायर झाल्यावर प्रमोदनं त्यांना भोरला आणलं, तर महिन्याभरात यांनी पत्र्याचं काम करणाऱ्या एकाच्या डोक्यावर बसून हुबेहूब तसंच नरसाळं करून घेतलं आणि गच्चीवर मांडलं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, हे आकडे तुम्ही पाठवता कुणाला? "कुनालाबी न्हाई," अण्णा म्हणाले. "पाऊस पडायचा थांबलाय का? मग म्या कशाला थांबू?" मला वाटलं, रिकाम्या माणसाचा नाद आहे झालं. मी तेव्हा फारच शहाणी होते.

मी कॉम्प्युटरवाली. पुण्यात नोकरी, सोमवार ते शुक्रवार तिकडं एका खोलीत आणि शनिवार-रविवार भोरला. आठ वर्षं हे केलं, मग जीव विटला. घरी बसून स्वतःचं काम उभं करायचं ठरवलं आणि घरच्यांनी मला एक वर्ष दिलं. वर्षात जमलं तर भोर, नाही जमलं तर निमूटपणे पुन्हा पुण्याची खोली. मला ती खोली नको होती. काही झालं तरी नको होती. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी जशी वागले ती का वागले ते कळेल.

मी जे टूल बनवत होते ते शेअरबाजारातल्या डावपेचांची परीक्षा घेणारं होतं. समजा एखाद्यानं ठरवलं, की शेअरचा भाव असा असा झाला की घ्यायचा आणि तसा झाला की विकायचा. तर तो नियम जुन्या भावांवर चालवून बघायचा, की मागच्या काही वर्षांत आपण असं वागलो असतो तर काय झालं असतं. याला बॅकटेस्टिंग म्हणतात. माझ्या टूलची गंमत अशी, की ते चालवणारा माणूसच नव्हता. ते चालवणार होता एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करत जाणारा प्रोग्रॅम. त्यानं नियम सुचवायचा, माझ्या टूलमध्ये घालायचा, निकाल बघायचा, नियम सुधारून पुन्हा घालायचा. पुण्यातली एक लहानशी कंपनी ते घ्यायला जवळजवळ तयार होती. तिथल्या मॅडमचं म्हणणं एकच, टूल छान आहे, पण तुमचं डॉक्युमेंटेशन वाचून आमचा एजंट भरकटतो. ते नीट लिहून द्या, मग पुढचं बोलू.

मी लिहिलं होतं की! टूल कसं चालवायचं त्याची, इंग्रजीत, चांगली तीन पानं. जे मला माहीत ते जगाला माहीत, अशा थाटात. एजंट ते वाचून भलतंच काहीतरी करायचा आणि मी स्क्रीनसमोर बसून त्याला मोठमोठ्यानं शिव्या घालायचे. अण्णा शेजारीच खुर्चीत पेपर वाचत असायचे, कारण आमच्या घरात चांगल्या उजेडाची खिडकी एकच. एक दिवस त्यांनी पेपर मांडीवर ठेवला आणि विचारलं, हा कोण आहे, ज्याचा तू रोज उद्धार करतेस? मी सांगितलं, की हा असा गडी आहे, जो सांगितलं तेवढं बरोब्बर करतो, न सांगितलेलं करत नाही, अडलं तर विचारत नाही, मनानंच ठोकून देतो आणि वर काम झालं म्हणून कळवतो. अण्णांनी चष्मा काढला.

"आगं मग ह्यो बदली मानूस हाय," ते म्हणाले. "आपला बबन."

बबन म्हणजे हिर्डोशीचेच बबनकाका, अण्णांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. अण्णांच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं तेव्हा अण्णांना पाच दिवस गाव सोडायला लागलं. माप कोण घेणार? तर बबन. अण्णांनी त्याला भांडं दाखवलं, मोजपात्र दाखवलं, रोज साडेआठला मोजून वहीत लिही म्हणून सांगितलं आणि गेले लग्नाला. परत येऊन बघतात तर वहीतला पाऊस रोज चढत गेलेला, आणि शेवटच्या दोन दिवसांत तर लख्ख ऊन पडलेलं, तरी पाऊस आदल्या दिवशीइतकाच. झालं होतं काय, तर बबन पाणी मोजायचा, लिहायचा आणि थेंबही सांडू न देता पुन्हा भांड्यात ओतून ठेवायचा. सरकारी पाणी, फेकायचं कसं! मोजून झाल्यावर ओतून टाक, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अरे, ऊन पडलेलं दिसलं नाही का तुला, असं अण्णांनी विचारलं तर म्हणाला, दिसलं की, पण तुम्ही मला भांडं बघायला सांगितलं होतं, आभाळ नाही. ही गोष्ट सांगताना अण्णा इतके हसायचे की त्यांना ठसका लागायचा. पण हसून झालं की न चुकता सांगायचे, की चूक बबनची नव्हती. तेव्हापासून ते गावाबाहेर जाताना बदली माणसासाठी कागद लिहून खिळ्याला टांगून जायचे. कुठं उभं राहायचं, डोळा पाण्याच्या रेघेसमोर कसा आणायचा, आधी लिहायचं आणि मगच ओतायचं... सगळं.

मग त्यांनी मला विचारलं, तुझ्या कागदात ओतून टाकायचं लिहिलंयस का? मी हसले. आणि मग हसू थांबवून बघितलं. नव्हतं लिहिलं. एजंट एकामागून एक परीक्षा घ्यायचा, आणि पहिल्या परीक्षेत घेतलेले शेअर दुसऱ्या परीक्षेच्या सुरुवातीला तसेच शिल्लक असायचे, कारण दर वेळी पाटी कोरी करून घ्यायची असते हे मी लिहिलंच नव्हतं. आठवडाभर मी ज्या घोळाच्या नावानं बोटं मोडत होते, तो हा. मी उठले आणि अण्णांना चहा करून दिला, दोन चमचे साखर घालून, सासूबाईंच्या नकळत. एजंटचं नाव आमच्या घरात त्या दिवसापासून बबन पडलं ते पडलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी माप घेऊन अण्णा खाली आले ते पेन्सिलीला ब्लेडनं टोक काढतच, आणि म्हणाले, सांग, तुझं यंत्र पहिल्यांदा काय करतं. मी सांगायची, ते मराठीत लिहायचे, आणि लिहिताना मला सळो की पळो करून सोडायचे. "योग्य ती माहिती द्यावी" असं मी म्हटलं की पेन्सिल थांबायची. योग्य म्हणजे कोणती? "इत्यादी" या शब्दावर तर त्यांचा इतका राग, की जिथं इत्यादी येतं तिथं लिहिणाऱ्याला पुढचं माहीत नसतं, असं त्यांचं ठाम मत. "सहसा" म्हटलं तर विचारायचे, आणि एरवी? दिवसाला अर्धं पान व्हायचं. मी वैतागायचे, की अण्णा, अशानं मला पुढच्या वर्षीपर्यंत पुरेल हे. ते म्हणायचे, वर्ष तुझं आहे, माझं काय जातंय! आणि स्वतः करून बघितल्याशिवाय एकही ओळ लिहायची नाही, हा आणखी एक जाच. त्यामुळं पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस माझ्या शेजारी बसून, एका बोटानं कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत, शेअर घ्यायची आणि विकायची आज्ञा देत बसलेला असायचा. एकदा सासूबाईंनी कौतुकानं शेजारणीला सांगितलं, की आमच्या ह्यांना कंपनीत घेतलंय.

माझा बेत होता, की त्यांचं मराठी पुढं इंग्रजीत करून घ्यायचं. पण एक दिवस सहज म्हणून अण्णांनी लिहिलेली पानं आहेत तशीच एजंटला दिली. तो बिनचूक चालला. माझी इंग्रजी पानं वाचून धडपडणारा तो, अण्णांची "आधी हे कर, मग हे बघ, हे दिसलं नाही तर थांब" वाचून शहाण्यासारखा वागला, आणि शेवटी "आपल्या सूचनांनुसार कार्य पूर्ण करण्यात आले आहे" असं लिहून मोकळा झाला. अण्णांनी ते दोनदा वाचलं. बबन बराच शिकलेला दिसतोय, म्हणाले, पण चिखलात उतरलेला नाही. दिवसभर खुशीत होते. संध्याकाळी स्वतःहून चौकात जाऊन गरम भजी घेऊन आले.

आमचं भांडण व्हायचं नाही असं नाही. एक तर चांगलं दोन दिवस चाललं. बाजाराला सुट्टी असते त्या दिवशी भाव नसतो. काही वेळा सुट्टी नसूनही माहिती हरवलेली असते. मी अशा सगळ्या जागी शून्य भरलं होतं, सोयीचं पडतं म्हणून. अण्णा ते ऐकून खुर्चीतून उठलेच. पाऊस पडला नाही तर शून्य, म्हणाले. मोजायला गेलोच नाही तर शून्य कसं? मी म्हटलं, अण्णा, आकड्यांच्या रकान्यात काहीतरी आकडा लागतो. ते आत गेले, कपाटातून हिर्डोशीची जुनी खासगी वही काढून आणली आणि एक पान माझ्यासमोर धरलं. त्यात एका ओळीत आकड्याच्या जागी लिहिलं होतं, "बघितलं नाही". त्या दिवशी प्रमोदचा जन्म झाला होता आणि अण्णा भोरच्या दवाखान्यात होते. "आता हितं शून्य लिव्हलं असतं तर?" त्यांनी विचारलं. "त्या दिशी लई पाऊस हुता. म्या न्हवतो, पाऊस हुता." पुढं दोन दिवस मी रुसून बसले आणि तिसऱ्या दिवशी सगळी शून्यं काढली. त्यांच्या कागदावर ओळ चढली : माहीत नसेल तर शून्य लिहू नये, बघितलं नाही असे लिहावे.

आणि मग तो गुरुवार. वर्ष संपायला महिना राहिला होता, आणि सोमवारी सगळं कंपनीकडं द्यायचं होतं. बबननं एक नियम सुचवला होता आणि माझ्या टूलनं त्याची परीक्षा घेऊन फायद्याची जी रेघ काढली ती बघतच राहावी अशी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वर, मधे कुठं जरा टेकते आणि पुन्हा वर. मी ते चित्र मॅडमना पाठवलं, त्यांचा लगेच फोन आला, आवाजातच कळलं की काम झालं. पुण्याच्या खोलीत पाऊस आत येऊ नये म्हणून खिडकीला लावलेली ताडपत्री डोळ्यांसमोर आली आणि मी तिला मनातल्या मनात रामराम ठोकला. अण्णांना म्हटलं, आता शेवटचं पान तेवढं लिहा, नमुन्यादाखल हीच परीक्षा कशी घेतली ते. आणि अण्णा म्हणाले, लिहितो, पण आधी हातानं करून बघतो.

मला हसू आलं. म्हटलं, करा. दहा दिवसांच्या दहा चिठ्ठ्या करून दिल्या. प्रत्येक चिठ्ठीवर वर त्या दिवसाचा सकाळचा भाव, खाली संध्याकाळचा. नियम साधा होता. संध्याकाळचा भाव मागच्या पाच दिवसांच्या सरासरीच्या वर गेला की घ्यायचा, खाली आला की विकायचा. अण्णांनी चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या आणि सगळ्यांवर जेवणाचं ताट पालथं घातलं. एकेका चिठ्ठीपुरतं ताट सरकवायचे. चिठ्ठीचा वरचा भाग उघडायचा, खालचा भाग तळहातानं झाकलेला. मग हात काढायचा, संध्याकाळचा भाव बघायचा, पेन्सिलीनं हिशेब करायचा, घ्यायचा की विकायचा ते ठरवायचं, आणि मगच पुढची चिठ्ठी. सासूबाई दोनदा येऊन गेल्या, की भात झालाय, ताट द्या. तासाभरानं अण्णांनी आपला कागद माझ्यासमोर ठेवला. जुळत नव्हता. टूल म्हणत होतं भरपूर फायदा, अण्णा म्हणत होते जवळजवळ काही नाही.

मी म्हटलं, तुमचं कुठंतरी चुकलंय. ते म्हणाले, असेल. पुन्हा ताट, पुन्हा चिठ्ठ्या. तोच आकडा. मग तिसऱ्यांदा. तोपर्यंत माझा पारा चढला होता, आणि मी जे बोलले ते आजही आठवलं की मान खाली जाते. मी म्हणाले, "अण्णा, हे पावसाचं माप नाही. यातलं तुम्हाला काय कळतंय?" सासूबाई दारात थबकल्या. अण्णांनी माझा छापील कागद आणि आपला कागद शेजारी शेजारी ठेवला, एका ओळीवर पेन्सिल टेकवली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "हे बग. तुजं यंत्र मंगळवारी सकाळच्या भावात घेतंय. मंगळवारी संध्याकाळचा भाव चढला म्हनून घेतंय. मग संध्याकाळचा भाव त्याला सकाळी कुनी सांगितला?"

मी वाचलं. पुन्हा वाचलं. दिवस संपल्यावर कळणाऱ्या गोष्टीवरून माझं टूल त्याच दिवशी सकाळी खरेदी करत होतं. ज्याला उद्या माहीत आहे त्याची रेघ वरच जाणार, त्यात बबनची हुशारी कसली आणि माझी तरी कसली! तारखेच्या रकान्यात मी एक दिवस सरकवायला विसरले होते, बस्स. आणि ते अण्णांच्याच डोळ्यांना दिसावं हे साहजिक होतं, कारण साडेआठला मोजलेला पाऊस हा कालपासूनचा असतो, मंगळवारी दुपारी पडलेला पाऊस बुधवारच्या सकाळी मिळतो, हे त्यांनी हजारो सकाळी वहीत लिहिलं होतं.

दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. रेघ जमिनीला लागली. मी तशीच बसून राहिले. खरं सांगते, मनात आलं, की सोमवारी हे असंच देऊन टाकावं. कंपनीला कळायला सहा महिने लागतील, कदाचित कळणारही नाही, तोवर माझं वर्ष तर निभावेल. मी हे अण्णांना बोलूनही दाखवलं. मला वाटलं आता उपदेश होणार. पण त्यांनी स्वतःचीच एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणालाही माहीत नव्हती. तरुणपणी एकदा सासुरवाडीच्या जत्रेला लवकर निघायचं म्हणून त्यांनी साडेआठचं माप सहालाच लिहून टाकलं होतं, अंदाजानं. आणि सात वाजता, ते वाटेत असताना, डोंगरावर धो धो कोसळला. जत्रेत त्यांना घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी तो आकडा एका रेघेनं खोडला, खालचं वाचता येईल असा, आणि शेजारी खरं काय ते लिहिलं. मी विचारलं, नसता खोडला तर कुणाला कळणार होतं?

"कुनाला न्हाई," अण्णा म्हणाले. "पन रोज सकाळी वही मलाच उगडायची हुती."

मी मॅडमना फोन केला. चूक सांगितली, कुणी आणि कशी पकडली तेही सांगितलं, आणि जमिनीला लागलेली रेघ पाठवली. त्या म्हणाल्या, आधीचीच जास्त छान होती हो. आणि आठवडाभर काहीच नाही. मी पुण्यातल्या मैत्रिणीला खोलीबद्दल विचारूनही ठेवलं. आठव्या दिवशी फोन आला, की ताट आणि चिठ्ठ्यांचा तो प्रकार तुम्ही त्या पानांत लिहिलाय का? मी म्हटलं, अण्णांनी लिहिलाय, तीन पानं भरून. त्या म्हणाल्या, मग आम्हाला टूल हवंय आणि ती पानं आधी हवीत, कारण आमच्याकडच्या बाकीच्या सगळ्या रेघाही आम्हाला आता हातानं तपासायच्या आहेत. मी अण्णांना सांगायला गच्चीवर धावले तर ते नरसाळ्यात पडलेला पाला वेचत होते. ऐकून एवढंच म्हणाले, की मग आता सासूला तिचं ताट परत दे.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही एकाच खिडकीत काम केलं. टूल वाढलं, पानं वाढली, प्रत्येक नवं पान अण्णांनी आधी हातानं करून बघितलं आणि मग खिडकीशेजारच्या तारेला टोचलं. रागाच्या भरात जे बोलले होते त्याची मी माफी मागितली तेव्हा म्हणाले, कशाची माफी, पावसाचं माप नव्हतंच ते, पावसाला कुठं विकता येतं! मी वेल्ह्याला निघाले त्या सकाळी ते माझ्याशी शेवटचं बोलले तेही कामाचंच. नव्या पानात तू सहसा लिहिलंयस, म्हणाले, ते येऊन बघू. आणि काकड्या आण. तो "सहसा" मी परवा काढला.

तेराव्याला हिर्डोशीहून माणसं आली. त्यात बबनकाका होते. सत्तरी गाठलेले, किडकिडीत, मोठ्या कानांचे. मी पहिल्यांदाच बघत होते त्यांना, पण मला इतकं ओळखीचं वाटलं की मी एकदम विचारलं, जेवलात का पोटभर? त्यांच्या नावाचा एक कॉम्प्युटर आहे हे त्यांना अण्णांनीच कधीतरी सांगितलं होतं. हुशार आहे का तो, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे, पण लिहून द्यावं लागतं. ते मनापासून हसले, आणि मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "सूनबाई, माप कोन घेतंय आता?"

कुणीच घेत नव्हतं. आल्या-गेल्यांच्या गर्दीत आम्हा कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बबनकाकांची शेवटची एसटी चुकली, की त्यांनी चुकवली, देव जाणे. रात्री राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गच्चीवर गेलो तेव्हा साडेआठ व्हायला दहा मिनिटं कमी होती. काका भांड्याकडं निघाले तसं मी म्हटलं, थांबा. मग आम्ही दोघं कठड्याला टेकून उभे राहिलो, रायरेश्वराच्या बाजूचे ढग बघत. साडेआठला मी नरसाळं काढलं. पाऊस बेताचाच झाला होता म्हणून भांडं सांडलं नव्हतं, काठाला आलं होतं. मोजपात्र भरभरून मोजलं. वही उघडली. वर अण्णांच्या अक्षरात अकरा मिलिमीटर, आणि खाली कोरं. मी तारखा घातल्या आणि एकेका तारखेपुढं लिहीत गेले. बघितलं नाही. बघितलं नाही. बघितलं नाही... अशा बारा ओळी. पाचव्या-सहाव्या ओळीला अक्षर दिसेना, तेव्हा काकांनी वही धरली. तेराव्या ओळीत आजची तारीख, आकडा, आणि शेजारी "तेरा दिवसांचा मिळून".

मोजलेलं पाणी मी एका बादलीत काढून ठेवलं होतं. बादलीची कडी हातात धरून मी तशीच उभी राहिले, किती वेळ कुणास ठाऊक. बबनकाका खाकरले.

"वतून टाक, पोरी," ते म्हणाले. "म्या इसरलो हुतो."

मी ओतलं. भांडं पालथं करून निथळू दिलं, मोजपात्र पुसलं, नरसाळं पुन्हा वर बसवलं, आणि आम्ही दोघं चहाला खाली आलो.